गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल संपत आला की नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडते, "एसीतला गॅस संपलाय, भरून घ्यावा लागेल." लातूरला माझ्या आपाच्या घरी सलग तीन उन्हाळे हेच चालले होते. मे आला की एसी गार हवा देईना. मेकॅनिक पोरगा यायचा, गेज लावायचा, सिलिंडरची चावी फिरवायचा आणि दहा मिनिटांत "हो गया खाला" म्हणून पैसे घेऊन जायचा. दोन-तीन महिने बरे जायचे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

गेल्या वर्षी मी नेमका तिथे होतो. त्याला विचारले, "हा गॅस दरवर्षी जातो कुठे?" तो सहज म्हणाला, "चलता है तो कम होताच है ना, भाईजान."

सगळी गडबड या एका उत्तरात आहे. एसीतला गॅस मोटारसायकलच्या पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या जाळीत उष्णता सोडून तो द्रव होतो, आतल्या जाळीत खोलीतली उष्णता घेऊन त्याची पुन्हा वाफ होते. बंद नळीतले हे चक्र आहे. नळी शाबूत असेल तर दहा वर्षांनीही आत तेवढाच गॅस असतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. म्हणजे दरवर्षी गॅस भरणे हे फुटक्या माठात रोज पाणी ओतण्यासारखे आहे. माठ बदला असे कोणीच सांगत नाही.

आणि पुष्कळदा तर गॅस कमी झालेलाही नसतो. आमच्या भागातल्या धुळीने फिल्टर आणि जाळी चोंदली की हवा कमी खेळते, गेजवरचा दाब उतरतो आणि निदान ठरते, गॅस कमी. मग वरून गॅस ढोसला जातो. भर मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, जास्तीच्या गॅसने दाब इतका चढतो की कॉम्प्रेसर दमून बंद पडतो. बिल गॅसचे होते, पुढच्या वर्षी कॉम्प्रेसरचे.

योग्य पद्धत गुपित नाही. आधी फिल्टर आणि जाळ्या धुवायच्या. तरीही थंडावा नसेल तर गळती शोधायची. सांध्यांवर तेलकट डाग दिसतो का पाहायचे, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावायचा. गळती सापडली की ती बंद करायची. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून काढायची, कारण आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसरला आतून खाते. शेवटी आउटडोअरवरच्या पट्टीवर लिहिलेला गॅस, लिहिलेल्या ग्रॅमइतका, काट्यावर तोलून भरायचा. पाइप जास्त लांब असेल तर कंपनीने सांगितलेली वाढ त्यात धरायची. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे नुसत्या गेजवर तर मुळीच विसंबता येत नाही.

घरगुती दीड टनी मशीनमध्ये गॅस साधारण किलोभराच्या आतबाहेर असतो. त्यात शंभर-दीडशे ग्रॅमचा फरकही मोठा ठरतो. गोलाईत ज्वारी घेताना आपले डोळे काट्यावर खिळलेले असतात. मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक अख्खी सूरह आहे, हे आपल्या पोरांनाही पाठ असते. मग हजारो रुपयांचा गॅस मात्र अंदाजपंचे का?

इथे सगळे खापर मेकॅनिकवर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी पोरे या धंद्यात आहेत. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेले थोडे. बाकीचे दहावीच्या आसपास शाळा सोडून कुणा उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. उस्ताद शिकला तेव्हा घरोघरी आर-२२ होता. आज आर-३२ आहे. त्याचा दाब जुन्यापेक्षा सुमारे दीडपट आणि तो पेट घेऊ शकतो. सांधे तपासायला नायट्रोजनऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन सोडला, तर आतल्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. मशीन काढताना गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, तेव्हा नळीत हवा शिरली तरी कॉम्प्रेसर फुटू शकतो. हे त्या पोराला कोणी सांगितले? तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर पट्ट्याशिवाय उभा राहून तो आपल्याला गारवा देतो, आणि त्याच्या जिवाचा हिशेब कुठल्याच बिलात नसतो.

दोष आपल्याकडेही आहे. नीट काम करायला दोन-अडीच तास लागतात. व्हॅक्यूम पंप, काटा, नायट्रोजन यांना पैसे लागतात. आपण मात्र फोनवरच विचारतो, "कितने में भरते?" जो सर्वांत कमी सांगेल, त्याला बोलावतो. प्रामाणिक कारागीर जास्त सांगतो म्हणून घरी बसतो. स्वस्तात उरकणारा दिवसात दहा घरे करतो. हा बाजार आपणच उभा केला आहे.

गळालेला गॅस जातो कुठे, हाही प्रश्न आहेच. आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो. भारतात १ जानेवारी २०२५ पासून त्यावर चालणारी नवी यंत्रे बनवायला बंदी आहे. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा एक किलो हवेत गेला तर सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी उष्णता अडवतो. आर-४१०एच्या बाबतीत हा आकडा दोन हजारांच्या वर आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. बदलत्या हवामानाची किंमत काय असते, हे आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. उकाड्यावर उपाय म्हणून घेतलेल्या यंत्रानेच उकाडा वाढवायचा, हा कुठला शहाणपणा?

केंद्र सरकारने २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते इतवाऱ्यातल्या दुकानात काम करणाऱ्या पोरापर्यंत पोहोचायला हवे. त्याला दोन वर्षे रोजगार बुडवणे परवडणार नाही. नांदेड-लातूरच्या आयटीआयमध्ये पावसाळ्यात, धंदा मंद असताना, आठ-पंधरा दिवसांचे वर्ग घेता येतील. समाजातल्या संस्था दरवर्षी गुणवंतांचे सत्कार करतात. त्यातल्या एका कार्यक्रमाच्या खर्चात दोन-तीन व्हॅक्यूम पंप आणि काटे येतील. ते मोहल्ल्यात सामायिक ठेवून नाममात्र भाड्याने दिले, तर पोरांच्या हातातले काम बदलेल.

आपाच्या घरी शेवटी नांदेडहून एक जुना कारागीर बोलावला. त्याने आधी जाळी धुतली, मग फेस लावला. इनडोअरच्या मागे एका फ्लेअर नटपाशी बारीक बुडबुडे आले. त्याने सांधा नव्याने केला, अर्धा तास पंप चालवला आणि काटा ठेवून गॅस भरला. पैसे नेहमीच्या दुपटीहून जास्त घेतले. आपा कुरकुरली. यंदाचा मे मात्र मेकॅनिकला फोन न करता सरला.

तुमच्याकडे पुढच्या वेळी कोणी "गॅस संपलाय" म्हणाले, तर एवढेच विचारा, "गळती कुठेय? आणि काटा आणलाय का?" हो म्हणाला, तर भाव न पाडता त्याला त्याची पूर्ण मजुरी द्या.