मळ्यावर न्यायची शेगडी



निफाडकडच्या एका ताईंचे पत्र आले आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. त्यांचे मालक आणि सासरे आठवड्यातल्या तीन-चार रात्री मळ्यावर दारे धरायला असतात, कारण पंपाची वीज रात्रीची. तिथे पत्र्याची एक खोली आहे आणि बाहेर तीन दगडांची चूल. पण थंडीत दवाने सरपण ओले होते, फुंकून फुंकून मामंजींना खोकला लागतो. मुलाने मोबाईलवर एक शेगडी दाखवली. ती पेटीत मावते आणि तिच्या कुशीत कीटकनाशकाच्या फवाऱ्यासारखी दिसणारी गॅसची कॅन बसते. ताई विचारतात, "ही घ्यावी की पाच किलोची टाकी घ्यावी? काम काय, दोन-तीन वेळा चहा आणि पाच-सहा भाकरी."

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. चहा वेगळा आणि भाकरी वेगळी. कसे ते सांगते.

ही पेटीतली शेगडी मूळची जपानची. इवातानी नावाच्या कंपनीने १९६९ साली नळी नसलेली, आतच कॅन बसणारी शेगडी बाजारात आणली. तिकडे जेवणाच्या मेजावर मधोमध पातेले ठेवतात, त्यात भाज्या-मासे रटरटत असतात आणि सगळे भोवती बसून खातात. त्या कामासाठी ती घडवली. म्हणजे घरातली वारा नसलेली जागा, बेताचे भांडे आणि मध्यम आंच. आपल्या बाजरीच्या भाकरीचा बिडाचा तवा त्या बिचाऱ्या जपानी कारागिराच्या स्वप्नातही नव्हता.

आता आमच्या घरचीच फजिती ऐका. भावाच्या वस्तीवर अशी शेगडी आणली होती. पहिल्याच रात्री वहिनीने तिच्यावर घरातला मोठा तवा चढवला आणि आंच पुरी सोडून भाकऱ्या थापायला घेतल्या. सातवी भाकरी तव्यावर होती आणि शेगडी खट् करून आपोआप विझली. आम्ही म्हटले, गॅस संपला असेल. कॅन हलवली तर आत डुचमळतेय. मग भावाने खटका पुन्हा दाबला, एकदा नाही, तीनदा. तेवढ्यात आमच्या आत्याबाईंनी कॅनच्या झाकणावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. झाकण चटका बसण्याइतके तापले होते. तवा इतका रुंद, की त्याची कड कॅनच्या घरावर गेली होती. तव्याची धग खाली कॅनवर उतरत होती. आत दाब वाढला तसा शेगडीतल्या सुरक्षेच्या खटक्याने गॅस तोडला. शेगडी बिघडली नव्हती, ती आम्हाला वाचवत होती आणि आम्ही तिच्याशी भांडत होतो. त्या दिवशी तो खटका नसता किंवा गंजलेला असता, तर काय झाले असते, हे आठवले की अजून अंगावर काटा येतो.

म्हणून अशी शेगडी घ्यायला जाल तेव्हा नुसती ज्योत बघून भुलू नका. दुकानदार ज्योतच दाखवतो, निळी आणि देखणी. तुम्ही घरून सुतळीने तव्याची रुंदी मोजून न्या आणि शेगडीच्या मधोमध धरून बघा. तव्याची कड कॅनच्या झाकणावर जात असेल, तर ती शेगडी तुमच्या तव्यासाठी नाही. चहाच्या भांड्यासाठी असेल. दुसरे विचारायचे ते हे, की दाब वाढला तर गॅस आपोआप तोडणारा खटका आहे का. चांगल्या शेगडीत तो असतो आणि माहितीपत्रकात तसे लिहिलेले असते. दुकानदाराला सांगता येत नसेल आणि कागदावरही नसेल, तर शेगडी कितीही स्वस्त असो, नमस्कार करून बाहेर पडावे.

दोन शेगड्या शेजारी शेजारी चिकटवून एकच मोठे पातेले दोन्हींवर ठेवायचे, असेही काही जण करतात. तसे मुळीच करू नका. वारा लागतो म्हणून शेगडीला चारी बाजूंनी पत्रा गुंडाळणेही तसेच. त्याने ज्योतीला आडोसा मिळतो आणि कॅनला भट्टी. वाऱ्याच्या बाजूला एखादी फळी किंवा पाटी हातभर अंतरावर उभी करावी, एवढे पुरे.

कॅन बसवण्याची एक खूण असते. तिच्या गळ्याच्या कड्याला एक खाच दिलेली असते आणि शेगडीत तिच्या जोडीचा दाता असतो. खाच वर करूनच कॅन बसवायची. कारण कॅन आडवी असते, तिच्यात खाली पातळ गॅस आणि वर वाफ असते, आणि आतली वाकडी नळी वरची वाफच ओढते, पण खाच वर असेल तरच. उलटी बसवली तर पातळ गॅस ज्योतीत येतो आणि हातभर भडका उडतो. हे काम अंधारात चाचपडत करू नये. बॅटरी लावून, उघड्यावर, पेटत्या चुलीपासून आणि विडीपासून लांब करावे. काम झाले की कॅन काढून वेगळी ठेवावी.

बाजारात कॅनही दोन-तीन तऱ्हेच्या दिसतात. काही खाचेच्या, काही आट्यांच्या, गिर्यारोहकांसाठीच्या बुटक्या. एकीची दुसरीला चालत नाही. जपानातही पूर्वी ज्या कंपनीची शेगडी तिचीच कॅन लागे. १९९५ च्या जानेवारीत कोबे शहराला मोठा भूकंप झाला, घरोघरचा गॅस बंद पडला, लोकांना मदतीत कॅन मिळाल्या, पण त्या आपल्या शेगडीत बसेनात. त्यानंतर १९९८ साली त्यांनी सगळ्यांसाठी एकच माप ठरवून टाकले. आपल्याकडे घेताना आधी कॅन कुठे मिळते ते पाहावे आणि मग शेगडी निवडावी. तालुक्याच्या गावी मिळत नसेल आणि दर वेळी पार्सलने मागवावी लागत असेल, तर शेगडी पेटीतच राहणार.

आता पैशाचा हिशेब. भाव गावोगाव निराळे, म्हणून मी रुपये सांगत नाही, रीत सांगते. एका कॅनमध्ये साधारण २२० ग्रॅम गॅस असतो. आंच पुरी सोडली तर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास जळतो, म्हणजे कॅन तास-दीड तास पुरते. चौघांचा चहा दहा-बारा वेळा होईल, पण भाकरी आणि कालवण करायचे म्हटले तर दोन वेळांतच कॅन हलकी लागेल. पाच किलोच्या टाकीत अशा बावीस-तेवीस कॅनचा गॅस असतो. एका कॅनची किंमत बावीसने गुणा आणि शेजारी टाकी भरण्याची किंमत मांडा. पाचवी शिकलेल्या पोरालाही उत्तर सांगता येईल.

थंडीचे ताईंनी विचारले नाही, पण निफाडच्या माणसाला ते सांगितलेच पाहिजे. ज्या दिवसांत तुम्ही द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवता, त्याच दिवसांत ही कॅन रुसते. तिच्यात बहुतेक ब्युटेन गॅस असतो आणि तो शून्य अंशाच्या जवळपास आला की त्याची वाफच होईना होते. शिवाय गॅस वापरताना कॅन स्वतःही गार पडत जाते. तुम्ही पाहिलेच असेल, तिच्यावर दव धरते. त्यामुळे हवा पाच-सहा अंशांवर असतानाही ज्योत मिणमिणू लागते. आपल्या मोठ्या टाकीत ब्युटेनबरोबर प्रोपेनही असतो आणि तो कितीतरी जास्त थंडीत वाफ होतो, म्हणून टाकीला हा त्रास कमी. कॅन रुसली तर तिला शेकोटीजवळ ठेवणे, गरम पाण्यात बुडवणे हे उपाय जिवावरचे आहेत. दिवसा घरात सावलीला ठेवलेली कॅन रात्री घोंगडीत गुंडाळून न्यावी, याहून जास्त काही करू नये. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या भगिनींना याच्या उलट सांगणे आहे. ४० अंशांवर तापू देऊ नका असे बहुतेक कॅनवर छापलेले असते आणि तुमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत काय तापमान होते, ते तुम्हीच मला सांगाल.

तेव्हा ताई, माझे मत असे. भाकऱ्या मळ्यावरच करायच्या असतील तर पाच किलोची टाकी घ्या, वेगळी शेगडी आणि नळीसकट. बर्नर टाकीच्याच डोक्यावर बसणारी मिळते ती घेऊ नका. उंच होते, जमीन उंचसखल असते, कुत्र्याचा धक्का लागला तरी कलंडेल. आणि घरूनच भाकरी बांधून देणार असाल, तिथे फक्त चहा आणि कालवण गरम करायचे असेल, तर पेटीतली शेगडी चांगली आहे. हलकी, धूर नाही, मामंजींच्या खोकल्याला आराम.

टाकी मात्र गॅस एजन्सीतून किंवा तेल कंपनीच्या पेट्रोल पंपावरूनच घ्यावी. पाच किलोची टाकी २०१३ पासून पंपांवर मिळू लागली आणि २०२० मध्ये एका सरकारी तेल कंपनीने तिचे 'छोटू' असे लाडके नावही ठेवले. भांड्यांच्या दुकानात मिळणारी आणि मागच्या खोलीत मोठ्या टाकीतून भरून देणारी ती लहान टाकी घरात आणू नका. असे भरणे बेकायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या टाकीत किती भरले याला माप नाही. पातळ गॅस उन्हाने फुगतो, त्याला वर मोकळी जागा लागते, ती उरली नाही तर टाकी फाटते. रिकामी कॅन अशी भरून देणारेही निघाले आहेत. कॅन ही एकदाच वापरायची वस्तू.

टाकी घेताना तिच्या गळ्याजवळच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष पाहावे. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. 'बी २८' असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी जून २०२८ पर्यंत करायची आहे. तारीख उलटलेली टाकी परत द्यावी. नळी आयएसआय शिक्क्याची घ्यावी आणि पाच वर्षांनी, उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी, बदलावी. गळती वाटली तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघावेत, काडी लावून कधीही नाही. गळतीसाठी १९०६ हा फोन चोवीस तास चालू असतो, तो खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचे आता. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. आणि तुमची माणसे जमिनीवरच पथारी टाकतात. टाकी असो की कॅन, झोपायच्या खोलीत ठेवू नये. तशीच दुसरी गोष्ट, थंडी वाजते म्हणून दार लावून, फटीत पोते कोंबून शेगडी पेटती ठेवायची नाही. कोंडलेल्या हवेत ज्योतीतून विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेगडी पडवीत, खोलीत नाही.

वारीला जाणाऱ्या मंडळींचीही विचारणा असते. दिंडीच्या मोठ्या स्वयंपाकाला पेटीतली शेगडी उपयोगाची नाही, चार माणसांच्या चहाला ठीक. पण रेल्वेत टाकी, कॅन काहीही नेण्यास बंदी आहे, ती पिशवीच्या तळाशी लपवून नेऊ नका. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात लपवून नेलेल्या गॅसच्या टाकीमुळे आग लागली आणि नऊ माणसे गेली. तीर्थयात्रेला निघालेली माणसे होती ती.

रिकामी कॅन बांधावर फेकू नये. तिच्यात थोडा गॅस उरतोच. पुढे कोणी पाचट पेटवले आणि ती आत असली, तर फुटलेला पत्रा कुठे जाईल याचा नेम नाही. ज्योत विझेपर्यंत वापरून घ्यावी, भंगारवाल्याला द्यावी आणि तो कॅन घेतो का, ते आधी विचारावे.

ताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली आहे. खोलीला खिडकी आहे का आणि पुढे पडवी आहे का, ते कळवा. नसेल तर आधी दोन पत्र्यांची छपरी काढून घ्या, मग शेगडी आणा.