दोन खिशांतील दोन गोळ्या

लोंढ्याच्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. नाव छापू नये अशी तिची विनंती असून ती आम्ही पाळणारच. तिचे पती रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, तेव्हापासून जिभेखाली ठेवावयाची गोळी ते सदऱ्याच्या खिशात बाळगतात. मागील आठवड्यात कपडे धुण्यास घेताना पाटलोणीच्या खिशात तिला दुसऱ्याच गोळ्यांचे पाकीट सापडले. परिचारिका असलेल्या भाचीस दाखविले तेव्हा त्या कशाच्या आहेत हे कळले. "मी रागवावे, रडावे, की गप्प बसावे?" असे ती विचारते.

ताई, रागावू नका. आणि गप्प तर मुळीच बसू नका. त्या दोन खिशांतील दोन गोळ्या जवळपासच्या वेळी पोटात गेल्या, तर प्राणावर बेतू शकते. हे उत्तर खाजगी पत्राने कळविता आले असते. परंतु हा प्रश्न एकाच घरचा नाही, आणि ज्या विषयावर घरात बोलणे होत नाही त्यावर भिंतीवरच्या जाहिराती मात्र मोठ्याने बोलतात. म्हणून आज या विषयावर उघड व मर्यादेने लिहीत आहोत.

समागमाच्या वेळी पुरुषाच्या इंद्रियास ताठरता न येणे, अथवा आलेली न टिकणे, ही एक व्याधी आहे. एखाद्या वेळी थकव्याने वा काळजीने असे घडले तर घाबरण्याचे कारण नाही. तेच वारंवार घडू लागले, तर मात्र शरीर काही सांगत आहे असे समजावे. ताठरता येते ती रक्ताच्या भरण्याने. तेथील रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक असतात. म्हणून मधुमेह, रक्तदाब अथवा तंबाखू यांनी वाहिन्या खराब होऊ लागल्या की त्याची खूण पुष्कळदा आधी येथे उमटते, व काही वर्षांनी हृदयात. निपाणीकडे ज्या पानावर अनेक घरांच्या चुली पेटतात, तेच पान विडीतून वा चुन्याबरोबर शरीरात गेले की वाहिन्या आकसवीत जाते. तेव्हा अशा तक्रारीच्या माणसाने गोळी मागण्यापूर्वी रक्तातील साखर, रक्तदाब व हृदय तपासून घ्यावे.

आता औषधाविषयी. सिल्डेनाफिल हे यातले पहिले औषध. इंग्लंडमध्ये त्याचे प्रयोग चालू होते ते छातीच्या दुखण्यासाठी. त्या कामी ते फारसे उपयोगी पडले नाही, पण त्याचा हा दुसरा गुण ध्यानात आला, आणि १९९८ साली अमेरिकेत 'व्हायग्रा' या नावाने त्यास परवानगी मिळाली. शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू रक्तवाहिन्या सैल करण्याचा निरोप पोहोचवितो, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद या तिघांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक देण्यात आले. या जातीच्या गोळ्या तो निरोप अधिक वेळ टिकवून धरतात. वासना मात्र त्या निर्माण करीत नाहीत. मनात ओढ नसेल तर गोळी काहीच करीत नाही.

धोक्याचे मूळही येथेच आहे. छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरिन ही औषधे शरीरात हाच वायू पुरवितात. एक औषध निरोप वाढविते, दुसरे तो पुसू देत नाही. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकाएकी कोसळतो. म्हणून ज्यास नायट्रेट जातीचे औषध दिलेले आहे, मग ते रोजचे असो वा केवळ कळ आल्यावर घ्यावयाचे, त्याने या गोळ्या घेऊच नयेत. आणि सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत, टॅडालाफिल घेतल्यापासून ४८ तासांत छातीत दुखू लागले, तर जिभेखालची गोळी न घेता तडक रुग्णालय गाठावे व "ही गोळी अमुक वाजता घेतली होती" असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. तेथे लाजेने गप्प राहणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

या गोळ्यांपैकी अधिक चालतात त्या दोन. सिल्डेनाफिल अर्ध्या ते एका तासाने लागू पडते व परिणाम सुमारे चार तास राहतो. तेलकट, जड जेवणानंतर घेतल्यास तो उशिरा येतो. टॅडालाफिल २००३ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो व जेवणाने त्यात फरक पडत नाही. हेच औषध अल्प मात्रेत रोज घेण्याचीही पद्धत आहे. पहिल्याने डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, क्वचित दृष्टीस निळसर झाक येणे असे होते. दुसऱ्याने याखेरीज पाठ व स्नायू दुखू शकतात. एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ असे नाही. कोणास कोणते मानवेल हे त्याचे वय, यकृत, मूत्रपिंड व चालू असलेली इतर औषधे पाहून डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. सिल्डेनाफिल बहुधा ५० मिलिग्रॅमने सुरू करतात. वृद्धांस २५ ने.

काही नियम घरोघरी ठाऊक असावेत. २४ तासांत एकापेक्षा अधिक मात्रा नको. परिणाम दिसला नाही म्हणून लगेच दुसरी गोळी नको, आणि दोन प्रकार एकत्र तर कधीच नकोत. पाकिटावरील मोठे नाव पाहू नये, खालचे बारीक अक्षरांतले मूळ औषधाचे नाव वाचावे. निरनिराळ्या नावांच्या दोन पाकिटांत एकच औषध असते. मद्यासह घेऊ नये. प्रोस्टेटच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे. ताठरता चार तासांहून अधिक टिकली, अथवा एकाएकी दिसेनासे वा ऐकू येईनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नये.

'गुप्त शक्ती'च्या जाहिराती आपण स्टेशनांजवळच्या भिंतींवर पाहतो. अशा जाहिरातींस १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. 'केवळ जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक पुड्यांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे तपासण्यांत आढळले आहे. हृदयरोग्याने अशी पुडी निर्धास्तपणे घेतली तर काय होईल, हे वर सांगितलेच आहे. खरे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावयाचे, असा नियम आहे. तो आपल्याच रक्षणासाठी आहे.

राहता राहिला मनातील संकोच. असे औषध घेणे पाप आहे काय, असेही ताईंनी विचारले आहे. पतिपत्नींमधील नैसर्गिक शक्ती परत मिळविण्यासाठी केलेला उपचार हा उपचारच होय. त्यात पाप नाही. पतिपत्नींचे मीलन शुद्ध व सन्माननीय असल्याचे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले आहे. लग्नानंतर आलेल्या अशा दुर्बलतेने विवाहसंस्कारास कसलीही बाधा येत नाही. आणि औषध मानवणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तरी प्रेम संपले असे नव्हे. हातात हात घालून बसणे वृद्धापकाळीही कोणी हिरावून घेत नाही.

तेव्हा ताई, आज रात्री जपमाळ झाली व नातवंडे निजली म्हणजे ते पाकीट पतीपुढे ठेवा. आरोप करू नका. "तुम्ही मला हवे आहात, म्हणून विचारते," एवढेच म्हणा. त्यांनी ते आपल्यापासून लपविले ते बहुधा लाजेने, कपटाने नव्हे. मग दोघे मिळून बेळगावची गाडी धरा आणि दोन्ही खिशांतील गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा.