उपासना संपते कुठे?

रविवारी सकाळी उपासना आटोपली की चर्चच्या आवारात दहा-पंधरा मिनिटे गप्पा रंगतात. कुणी मराठीत विचारते, कुणी कन्नडमध्ये उत्तर देते. आपल्या भागात त्याचे कुणाला नवल नाही. मग जो तो जेवणाच्या घाईने घरी निघतो. मलाही वर्षानुवर्षे वाटे, चला, आठवड्याचे कर्तव्य पार पडले.

'उपासना' म्हणजे जवळ बसणे. देवाजवळ तासभर बसलो खरे, पण उठल्यावर कुणाजवळ बसतो? हा प्रश्न मला घरातच भेटला.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या पाटल्यांवरून माझे आणि धाकट्या जावेचे बिनसले. ती बैलहोंगलकडची, माहेरी सगळे कन्नड बोलणारे. तिच्या बोलण्याचा मी उलटा अर्थ घेतला की तिने माझ्या, कोण जाणे! दीड वर्ष आम्ही एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसत होतो. प्रभुभोजनाची भाकर दोघीही घेत होतो, एकमेकींकडे पाहत मात्र नव्हतो.

एका रविवारी पाळकसाहेबांनी डोंगरावरील प्रवचनातला भाग घेतला. वेदीपाशी दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करून यावे, असे येशू त्यात सांगतो. कितीदा ऐकले होते! त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले, की माझ्या मनात तिच्याविरुद्ध काय आहे हे तिथे विचारलेलेच नाही. तिच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, ते मी आठवायचे आहे. दीड वर्ष मी नेमकी उलटी यादी घोकत होते.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यातला. कर्मभूमी पुणे जिल्ह्यातले केडगाव. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांची भक्ती प्रार्थनेच्या वेळेपुरती राहिली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि विधवांना त्यांनी थेट मध्य प्रांतातून आणले, जेवू घातले, शिकवले, हाताला काम दिले. केडगावच्या मुक्ती मिशनात प्रार्थना आणि छापखाना, स्वयंपाक आणि शाळा एकाच आवारात नांदत. साध्या बायकांना समजावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत बायबल आणले. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी पुरे करत आणले होते. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेला अवघड लिहिणे का जड होते? पण समोरच्या बाईला कळले पाहिजे, ही त्यांची उपासना.

आणि मी? एका जावेला कळेल असे दोन शब्द मला बोलता येत नव्हते.

त्या रविवारी मी परस्पर तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडले. दोघींनाही काय बोलावे सुचेना. शेवटी तीच म्हणाली, "ऊट आतेनरी, अक्का?" जेवण झाले का, एवढेच. मी म्हटले, "नाही गं." तिने पाट मांडला. जोंधळ्याची भाकरी आणि भरली वांगी होती. जेवताना आधी मीच म्हटले, "माझं चुकलं." ती रडली, मग मीही.

पाटल्यांचा विषय त्या दिवशी सुटला नाही, अजूनही पुरता सुटलेला नाही. पण आता आम्ही एका बाकावर बसतो, आणि प्रभुभोजनाची भाकर हातात घेताना मला तिच्या घरची भाकरी आठवते.

वाचकहो, आपण चर्चमध्ये जात असाल, देवळात किंवा मठात. घरी परतताना एकच विचारून पाहा: माझ्यामुळे कुणाचे मन दुखावले आहे? आणि त्याचे घर वाटेवर असेल, तर जेवायला थोडा उशीर झाला तरी चालेल.