निबंधातली पुरणपोळी

चौथीत 'माझा आवडता पदार्थ' या निबंधात मी पुरणपोळी लिहिली. आवडायची वजडी. पण वजडी लिहिणाऱ्या मैत्रिणीला वर्ग हसला होता, बाई गप्प होत्या. मला दहापैकी नऊ मिळाले. खोटं लिहायला मी शाळेतच शिकले.

मुक्ता साळवेंचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी, आणि विषय काय, तर आपलंच जगणं!

आज सर्वसमावेशक शाळा म्हणजे पटावर आमची नावं, एवढंच समजतात. नावं आहेतच हो. वजडी लिहिणाऱ्या मुलीच्या वहीवर शेरा काय द्यायचा आणि हसणाऱ्या वर्गाला काय सांगायचं, हे बी.एड.ला शिकवा. सुरुवात मुक्ताच्या निबंधापासून करा.