उपासाला खजूर चालतो की

रमजानमध्ये आमच्या करकंबच्या घरी इफ्तारच्या आधी मुलांना एक काम असतं. शेजारीपाजारी खजूर, फळं, भजी यांचं ताट नेऊन द्यायचं. यंदा एका घरून ताट झाकलेलंच परत आलं. माणसं चांगली आहेत, "आज उपास आहे" एवढंच म्हणाली. रोजा सोडताना आठवीतली मुलगी हळूच म्हणाली, "अब्बा, उपासाला खजूर चालतो की."

मला 'श्यामची आई' आठवली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. तिच्यात आई श्यामला महार समाजातल्या एका म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला सांगते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. वर्गात आपण मोळीचं शिकवतो, आंघोळीवरून पुढं सरकतो. गुरुजींनी मात्र ती गाळली नाही. पोर मोठं होताना रेघ कुठं आहे हे त्याला असंच, प्रेमळ माणसांकडूनच कळतं. याच गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात इथं जवळच पंढरपुरात विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं.

आपल्याच जिल्ह्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४ चं. ती कादंबरी नव्हे, आत्मकथन. गावानं नाव नाकारलेल्या त्या दलित पोराला माया लावणारे दादा, म्हणजे महमूद दस्तगीर जमादार, मुसलमान होते. गावात जातीच्या आणि धर्माच्या दोन्ही रेघा होत्या, त्या घरात नव्हत्या.

पण मुस्लिम पोर मराठीत वाढतंय, अशी कादंबरी मुलीला द्यायला शोधली तर हात रिकामाच राहतो. हमीद दलवाईंची 'इंधन' आहे, पण तिचा नायक मोठा होऊन गावी परततो. दोष इतरांना कशाला देऊ? रमजान आला की आम्ही लिहिणारे शीरखुर्मा आणि भाईचारा यांवर लिहून मोकळे होतो. मीही तेच केलंय. परत आलेल्या ताटाबद्दल कोण लिहिणार?

मुलीला म्हटलं, तू लिही.

"त्यांचं नाव घालू?"

"नको."

"मग खजुराचं?"

"ते घाल."