अडलेलें पाणी

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या दिरांचें वय ४२. डोकें दुखणें, वांत्या, चालतांना तोल जाणें अशा तक्रारींवरून तपासणी केली, तों मेंदूंत पाणी सांचल्याचें दिसून आलें. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवितात. घरांतील वडील मंडळी म्हणतात कीं, हा तर तान्ह्या मुलांचा रोग, मोठ्या माणसास कसा होईल? आम्ही वैद्य नव्हों. परंतु हाच प्रसंग आमच्या घरावर येऊन गेला आहे, म्हणून लिहितों.

वडील मंडळींचा गैरसमज नांवामुळें होतो. जलशीर्ष म्हटलें कीं वाढलेलें मस्तकच डोळ्यांपुढें येतें. तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून त्याचें मस्तक वाढतें. प्रौढाची कवटी मिटलेली. ती तसूभर वाढत नाहीं व सगळा दाब मेंदूवर येतो. बाहेरून कांहींच दिसत नाहीं, आणि येथेंच घात होतो. आमच्या धाकट्या बंधूंस पहांटे डोकें दुखून उलटी होई. आम्हीं तें पित्त ठरवून दोन महिने त्यांस सूतशेखराची मात्रा चाटविली. दृष्टि अंधुक झाली, तेव्हां चष्म्याचीं भिंगें बदलून आणिलीं! अखेर नेत्रवैद्यांनीं डोळ्याच्या आंत पाहून नेत्रनाडीस सूज असल्याचें सांगितलें व त्याच दिवशीं मेंदूच्या तपासणीस धाडलें. दृष्टि वांचली, पण पूर्ववत् झाली नाहीं. हें आमच्याच हातून घडलें.

मेंदूंत चार पोकळ्या आहेत. तेथें दिवसाला सुमारें अर्धा लिटर स्वच्छ द्रव पाझरतो. तिसऱ्या पोकळींतून एका अरुंद नालिकेवाटे तो चौथींत उतरतो, आणि बाहेर येऊन रक्तांत शोषला जातो. ही नालिका जन्मतःच अरुंद असली, अथवा गांठीनें किंवा क्षयाच्या मेंदुज्वरानें बुजली, कीं पाणी तुंबतें. मग निव्वळ औषधावर विसंबून चालत नाहीं.

उपाय दोन. एक नळीचा: मेंदूच्या पोकळींतून निघालेली बारीक नळी त्वचेखालून कानामागून, मानेंतून पोटांत सोडतात, मध्यें दाबावर उघडणारी झडप असते. अमेरिकेंतील जॉन होल्टर या कारागिरानें १९५० नंतरच्या दशकांत अशी सिलिकोनची झडप घडविली, ती स्वतःच्या मुलाच्या दुखण्यासाठीं. दुसरा उपाय दुर्बिणीचा. कवटीस एक लहान छिद्र पाडून दुर्बीण तिसऱ्या पोकळीपर्यंत नेतात व तिच्या तळाशीं कांहीं मिलिमीटरांचें द्वार करितात. पाणी अडलेली वाट सोडून तेथून निघून जातें. बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर यांनीं १९२३ सालीं हें प्रथम केलें, आणि तेंही मूत्रमार्ग पाहण्याच्या दुर्बिणीनें! त्या तळाखालींच मेंदूची मोठी रोहिणी असते. म्हणून हात सरावाचा हवा. प्रौढांत अडथळा त्या नालिकेंतच असल्यास शस्त्रवैद्य पुष्कळदां हाच मार्ग पसंत करितात, कारण शरीरांत परकी वस्तु राहात नाहीं. पूर्वीं मेंदुज्वर होऊन गेला असेल तर यशाची आशा कमी, व नळीकडे वळावें लागतें. तेव्हां भगिनींनीं डॉक्टरांस प्रथम विचारावें तें हें कीं, पाणी नेमकें अडलें आहे कोठें?

आणखी एक गोष्ट. नळी बुजते, तिच्यांत जंतुदोष होतो. दुर्बिणीनें केलेलें द्वारही क्वचित् वर्षांनंतर मिटतें. पुन्हां तीच डोकेदुखी, वांती वा विलक्षण गुंगी दिसली, तर तोच दिवस इस्पितळाचा. उद्यांवर टाकूं नये. बंधूंस दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. तिच्या तपशिलाची चिठ्ठी त्यांच्या खिशांत असते, दुसरी देवघराच्या फडताळांत, आणि ती कोठें आहे हें घरांतील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. सूतशेखराची कुपी मात्र आम्हीं स्वतःच बाहेर काढून टाकिली.