तयार मिक्स आणि तयार गाईड

परवा अकोल्याला लेकीकडे गेलो होतो. नातू आठवीत आहे. त्याने हलक्या फोमचं त्रिकोणी विमान जोडलं होतं. "आबा, चला वावरात, उडवून दाखवतो," म्हणाला. गेलो.

विमान हातातून सुटलं, थोडं वर चढलं. त्याने आणखी वर न्यायला दांडी मागे ओढली, तर विमान नाक खाली घालून सरळ तुरीत घुसलं. निंदण करणाऱ्या बाईपासून चार-पाच हातांवर. ती "अवं माय!" म्हणत मागे सरली आणि मग हसली. मला मात्र हसू आलं नाही.

घरी येऊन ट्रान्समीटर उघडून बसलो. अशा विमानाला वेगळी शेपटी नसते. मागच्या कडेला दोनच पट्ट्या. वर-खाली जाणं आणि डावी-उजवीकडे कलणं, दोन्ही कामं त्यांनीच करायची. (आपल्या तेजसचंही तसंच. २०२५ च्या ऑक्टोबरात नाशिकहून तेजस मार्क १ए उडालं तेव्हा टीव्हीवर नीट पाहिलं असेल, तर त्यालाही आडवी शेपटी नाही.) म्हणून ट्रान्समीटरमध्ये दोन दांड्यांच्या हुकमांची बेरीज करावी लागते. यालाच मुलं 'मिक्स' म्हणतात.

गणित सातवीचं आहे. उजवी पट्टी = उंची + कल, डावी पट्टी = उंची − कल. बस! दोन्ही हुकमांना १०० टक्के दिले तर बेरीज २०० होते, पण मोटर १०० वर अडते. मग पूर्ण वर ओढलं असताना कलवायला एकच पट्टी उरते. म्हणून उंचीला ६० आणि कलाला ४० असं वाटून द्यायचं.

नातवाने हे काहीच केलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तयार मिक्स उतरवून घेतला होता. त्या माणसाने मोटरी ज्या बाजूने बसवल्या होत्या, त्याच्या उलट याने बसवल्या. अधिकचं उणे झालं.

"आबा, तुम्ही मोबाईल वापरता, तो आतून कसा चालतो माहीत आहे का?" त्याने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. नाही माहीत. पण माझा मोबाईल मीच जोडलेला नाही, आणि तो कुणाच्या डोक्यावरही पडत नाही. जे आपण जोडलं, त्याची चिन्हं आपणच तपासली पाहिजेत.

वर्गात गाईड घेऊन बसणारी मुलं मी खूप पाहिली. उत्तर बरोबर असायचं, फक्त प्रश्न दुसराच असायचा. तयार मिक्स वापरू नये असं माझं म्हणणं नाही. आधी कागदावर मांडावं, मग खुशाल वापरावं. आणि उडवण्याआधी पंखा काढून, विमानाच्या मागे उभं राहून पाहावं : दांडी मागे ओढली की दोन्ही पट्ट्या वर, उजवीकडे नेली की उजवी वर आणि डावी खाली. अर्ध्या मिनिटाचं काम.

दुसऱ्या दिवशी त्याने वहीत दोन ओळी मांडल्या, एक चिन्ह बदललं. विमान उडालं. त्याआधी मात्र तो वावरात जाऊन त्या बाईला "मावशी, जरा बाजूला व्हा" सांगून आला. मला विमानापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला.

असो.